कॅमेरा बंद असताना

माझा धाकटा भाऊ वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता तेव्हा ऑफिसात त्याला सगळे बगळा म्हणत. मोर्चा असो, पूर असो, पुढाऱ्याचं भाषण असो, हा एका कडेला जाऊन उभा राही तो हलतच नसे. बाकीचे एकमेकांना कोपरं मारत पुढे घुसायचे आणि धडाधड फोटो काढत सुटायचे. हा एकच काढायचा. काढला की "मिळालं" म्हणायचा आणि कॅमेरा खाली. मग तिथे आभाळ कोसळलं तरी याचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो मात्र त्याचाच. मला विचाराल तर ते अर्धं कसब होतं आणि अर्धा आळस, पण बहिणीला विचारतो कोण?

त्याचं नाव झालं ते गाद्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत. आत शिवणाऱ्या बायका मागच्या दाराकडे धावल्या आणि दार बाहेरून कुलूपबंद होतं. त्यातल्या कितीतरी बाहेर आल्याच नाहीत. माझ्या भावाने तिथे जो फोटो काढला त्यात कारखान्याचा वॉचमन त्या बंद दारासमोर उभा आहे, हातात चाव्यांचा जुडगा आहे, आणि तो भलतीकडेच बघतोय. जणू बस केव्हा येते ते पाहतोय. वर्तमानपत्राने खाली तीनच शब्द छापले, "चाव्या हातात होत्या". झालं. फोटोला मोठं बक्षीस मिळालं आणि वॉचमनला अटक झाली.

कोर्टात कारखान्याच्या फोरमनने सांगितलं की सगळ्या चाव्या वॉचमनकडेच असायच्या. वॉचमन म्हणाला, त्या दाराची चावी माझ्या जुडग्यात नव्हती. बंबवाल्यांनी दार तोडलं होतं, कुलूप राखेत कुठे गेलं ते कुणालाच सापडलं नाही. शेवटी पुराव्याअभावी कोर्टाने त्याला सोडलं. वस्तीने सोडलं नाही. त्याला कुणी कामावर ठेवेना. दुकानात गेला की लोक रांगेत पुढे व्हायचे, त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून. हळूहळू तो घराबाहेर पडायचाच थांबला. मालकाचं काय झालं म्हणाल, तर तो विम्याचे पैसे घेऊन परदेशी गेला. असल्यांचं कधी काय होतं?

बरीच वर्षं गेली. वर्तमानपत्राने फोटो विभागच बंद केला. बातमीदारांना म्हणाले, तुमच्या मोबाइलवरच काढा. माझा भाऊ पन्नाशी उलटून घरी बसला. बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. मी नर्सची नोकरी संपवून नुकतीच निवृत्त झाले होते आणि आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांच्या डोक्याला ताप देत होतो.

एक दिवस वॉचमनची मुलगी आली. शाळेत शिकवते, पोरगी नीटनेटकी, पण बसायला सांगितलं तर बसली नाही. तिने त्या फोटोचं कात्रण टेबलावर ठेवलं आणि भावाला विचारलं, "याच्या आधी काय झालं होतं? आणि नंतर माझे बाबा काय करत होते?"

"मला माहीत नाही," भाऊ म्हणाला.

"तुम्ही तिथेच होतात ना?"

"फोटो मिळाला, मी निघालो."

"ते एकेक चावी लावून बघत होते," ती म्हणाली. "एकही लागली नाही, म्हणून कुणीतरी येतंय का बघायला वळले. तेवढंच तुम्ही काढलंत." मग दाराशी जाऊन म्हणाली, "बाबांचं आता वय झालंय. ते आहेत तोवर कुणीतरी खरं सांगा. बाकी काही नको."

त्या मुलीने त्याची झोप उडवली. फोटोने केलेलं फोटोने निस्तरता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "ताई, मी फिल्म करणार. माहितीपट." मी म्हटलं, "कर बाबा, निदान माझ्या स्वयंपाकात लुडबुड करणार नाहीस." त्याने जुन्या लेन्स विकून एक व्हिडिओ कॅमेरा घेतला. हात बसावा म्हणून आधी चांभारावर, लाँड्रीवर, दवाखान्याच्या रांगेवर लहान लहान फिल्मा केल्या. त्या जोडून देणारा संकलक त्याच्या निम्म्या वयाचा होता. तो माझ्यादेखत त्याला म्हणाला, "काका, हे फोटोच आहेत, फक्त हलतात. माणूस गप्प झाला की तुम्ही कॅमेरा बंद करता. अहो, गप्प झाल्यावरच तर तो खरं बोलायला लागतो." भावाने मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय? जित्याची खोड ती.

आवाज धरायला माणूस ठेवणं परवडेना, म्हणून लांब दांडीवरचा माईक माझ्या हातात आला. माझा हात भरून येत नसे. वॉर्डात स्टँड कमी पडले की सलाइनची बाटली वर धरून तासन् तास उभी राहिलेली बाई मी. शिवाय पेशंट काहीही बडबडला तरी आपण मध्ये बोलायचं नाही, हेही अंगवळणी पडलेलं.

वॉचमन कॅमेऱ्यासमोर बसला आणि जे कोर्टात सांगितलं तेच शांतपणे सांगितलं. आगीतून वाचलेल्या दोन बायका बोलल्या. पण दाराची चावी कुणाकडे होती ते एकालाच ठाऊक असणार, आणि तो म्हणजे फोरमन. त्याच्याकडे आम्ही किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. शेवटी एकदाचा तो तयार झाला.

फोरमनची बैठकीची खोली म्हणजे एक सोफा, झालर लावलेला फ्रीज आणि भिंतीवर खडखड वाजणारं घड्याळ. माईकमध्ये त्याचीच टकटक यायला लागली म्हणून मी स्टुलावर चढून त्याचा सेल काढला. फोरमनची बायको दारात पदराशी चाळा करत उभी होती. भावाने विचारलं, फोरमनने उत्तर दिलं. मला आठवत नाही. फार दिवस झाले. कोर्टात सांगितलं ते सांगितलं. तेच तेच ऐकून माझा सुद्धा हात अवघडला. मग भावाने त्या बायकांबद्दल विचारलं, नावं नाही, फक्त कोण कुठल्या मशीनवर बसायची ते. फोरमनने एकेकीची जागा बरोब्बर सांगितली आणि गप्प झाला. त्याची हनुवटी थरथरायला लागली. डोळे भरले. असा चेहरा पडद्यावर आला की बघणाऱ्याने जागचं हलू नये.

"मिळालं," भाऊ पुटपुटला आणि त्याने कॅमेरा बंद केला.

माईकची वायर कॅमेऱ्यातच जायची, तेव्हा आवाजही बंद. मी दांडी खाली घेतली. फोरमनची बायको चहा टाकायला आत गेली. भाऊ वायर गुंडाळत होता. फोरमनने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि त्या वायरीकडे बघत म्हणाला, "ती चावी त्याच्या जुडग्यात नव्हतीच. माझ्या टेबलाच्या खणात होती. बायका मधेच बाहेर जातात म्हणून मालकाने माझ्याकडे ठेवायला सांगितलं होतं. त्या दिवशी मी जेवायला घरी आलो होतो. खणाला कुलूप लावून."

भावाच्या हातातली वायर तशीच राहिली. दुसऱ्या क्षणी तो कॅमेऱ्यावर तुटून पडला. दिवा लागला, मी माईक वर केला. "हे परत सांगा," तो म्हणाला. "एकदाच."

फोरमनने आमच्या दोघांकडे पाहिलं. "काय सांगू?" तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."

चहा आला, तो आम्ही प्यायलोही. घरी येऊन भावाने कॅमेरा पलंगावर ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एकदा नाही, दोनदा. मी हात धरला नसता तर आणखी मारली असती. मला त्याची दयाही आली आणि रागही. आयुष्यभर ज्या सवयीची बक्षिसं घेतली, त्याच सवयीने ऐन वेळी पाय ओढला.

फोरमनने पुन्हा दार उघडलं नाही. फिल्म अडकली. संकलक म्हणाला, ज्याने ऐकलं त्याने सांगावं. भाऊ बिचकत होता. "पुरावा नाही ताई, नुसता माझा शब्द." मी म्हटलं, "माझाही आहे. तो म्हातारा घरात कुजतोय आणि तू पुरावा शोधतोयस? सांगून टाक." आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. शेवटी माझा भाऊ, जो जन्मात कधी कुणाला स्वतःचा फोटो काढू देत नसे, खुर्ची घेऊन स्वतःच्या कॅमेऱ्यासमोर बसला. फोरमनचा रडका चेहरा आधी, आणि मग हा. कॅमेरा बंद केल्यावर जे ऐकलं ते त्याने शब्दाला शब्द सांगितलं.

वाचनालयाच्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. वॉचमनला मुलीने धरून आणलं होतं, तो अगदी मागे बसला. दिवे लागल्यावर लोक उठून त्याच्याकडे गेले. रांगेत त्याचं अंग टाळणारेच आता त्याचा हात हातात घेत होते. एक बाई तर म्हणाली, "मला पहिल्यापासून वाटतच होतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. वॉचमन सगळ्यांना एकच सांगत होता, "मी तेव्हाही हेच म्हणालो होतो." मुलगी रडत होती, मीही रडले, खोटं का बोलू.

भाऊ मात्र पांढरा पडला होता. "ताई," तो म्हणाला, "यांनी विचारलंच नाही की खरं कशावरून."

त्याला जे कळलं ते मला आठवड्याने दिसलं. फोरमनच्या खिडक्या फुटल्या. भिंतीवर कुणीतरी डांबराने मोठ्या अक्षरांत 'चावी कुठे आहे' असं लिहिलं. त्याच्या बायकोला दूधवाला दूध घालेना. फोटो पाहून ज्यांनी एकाला फाशी दिली होती, त्यांनीच एक वाक्य ऐकून दुसऱ्याला दिली. फोरमन दोषी होता, हे मी स्वतः ऐकलंय. पण त्या लोकांनी नव्हतं ऐकलं.

आम्ही त्याच्या घरी गेलो. या खेपेला दार उघडलं. भाऊ कॅमेरा न घेता, रिकाम्या हाताने गेला होता. फोरमन सोफ्यावर बसला होता, खिडकीला पुठ्ठे ठोकलेले. भावाने त्याची माफी मागितली, आणि म्हणाला, "तेव्हा मी घाईने कॅमेरा बंद केला नसता तर तुमच्याच तोंडून आलं असतं. तुम्हाला सगळं नीट सांगता आलं असतं."

"घाईने?" फोरमन म्हणाला. "अहो, तो बंद होता म्हणूनच मी बोललो. इतकी वर्षं कुणाजवळ तरी बोलायचं होतं. हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्ही वायर गुंडाळायला लागलात, मला वाटलं, आता माणूस माणसाशी बोलतोय."

त्याची बायको तिथेच उभी होती. तिने भावाकडे पाहिलं सुद्धा नाही. आम्ही उठलो.

भाऊ तसाच वॉचमनच्या घरी निघाला, मी मागोमाग. मुलीला त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मी बोलतो तो भाग काढून टाकतो. विश्वासाने सांगितलेलं होतं ते."

मुलीचा चेहरा उतरला. "आणि बाबांचं?" ती म्हणाली. "या महिन्यात ते स्वतः न्हाव्याकडे जाऊन आले. दिवसाढवळ्या. त्यांना तुम्हीच सांगा, उद्यापासून पुन्हा घरात बसायचं."

वॉचमन कोपऱ्यात पेपर वाचत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पेपराची घडी करून त्याने ती गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "त्याच्या दारावर काय चाललंय ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. मी भोगलंय. वाईट वाटतं मला त्याचं."

"मग काढतो," भाऊ म्हणाला.

"नको," वॉचमन म्हणाला. "काढू नका. मला बाहेर जायचंय."