अंदमानची तयारी

नातवाला लस टोचायला नेलं की स्पिरिटचा वास येतो आणि पन्नासेक वर्षांपूर्वीची सोलापुरातली एक दुपार आठवून माझं डोकं तापतं. आमचा मुलींचा कबड्डी संघ अंदमानला सामने खेळायला निघाला होता. बोटीसाठी कॉलऱ्याची दोन इंजेक्शनं सक्तीची होती. ती घेऊन मी तापाने फणफणले. आईने दिवसभर विड्या वळून, वर साऱ्या संघाला पुरेल एवढी शेंगाचटणी कुटली. निघायच्या आदल्या दिवशी मैदानावर सामान बांधताना संघाचे मॅनेजर मला म्हणाले, "तुझं नाव यादीतून काढलंय. मुलींबरोबर एक बाई हवी, म्हणून माझी मिसेस येतेय." मी हातातली पिशवी खाली ठेवली. चटणीचा डबा घेऊन आलेली आई पुढे झाली. "सुया माझ्या पोरीनं टोचून घेतल्या, आन् बोटीत तुमची बायको बसनार व्हय?" ते हसले. "पुढच्या वर्षी नक्की नेऊ." "मग चटणीबी पुढच्या वर्षी," म्हणत आई डब्यासकट मागे वळली. माझ्या मैत्रिणी खाली बघून पिशव्यांच्या गाठी मारत राहिल्या. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि आईच्या आधी तोंड न उघडणाऱ्या स्वतःलाही नाही.