बॉयलर नसलेली इंजिनं

शेड रिकामी करायची आहे हे कळलं त्या दिवशी अब्दुल गनीनं पहिली गोष्ट केली ती ही, की शेडमध्ये जाऊन आतून कडी लावून घेतली.

आर्णीत त्याचं लेथचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं ही पत्र्याची शेड. दोन्हींची जागा भाड्याची. मालकानं ती प्लॉट पाडणाऱ्या एका माणसाला विकली होती आणि दसऱ्याच्या आत मोकळी करून द्या म्हणून सांगून गेला होता. रागानं नाही, चहा पिऊन, तब्येतीची विचारपूस करून गेला. त्यामुळं गनीला भांडायलाही जागा उरली नाही.

दुकानाचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, जिनिंगांची फाटकं एकामागून एक बंद झालेली, आणि गनीचं सगळं काम जिनिंगांचं. सरकी काढायच्या रेच्यांचे रोलर घासून द्यायचे, गाठी बांधायच्या प्रेसचे शाफ्ट सरळ करायचे. आता आठवडा आठवडा लेथ फिरत नव्हतं. त्याची साठी उलटली होती. मुलगा शादाब नागपूरला नोकरीत होता आणि अम्मी-अब्बांनी आता तिकडंच यावं म्हणून मागं लागला होता. दुकानाला कुलूप लावायला गनी मनातून कधीच तयार झाला होता. शेडचं तसं नव्हतं.

शेडमध्ये फळ्यांवर त्याची इंजिनं होती. वाफेची इंजिनं, खऱ्याच्या बाराव्या हिश्शाएवढी, मोजून मापून, हातानं घडवलेली. लहान रुळावरच्या गाडीचं इंजिन होतं, डांबरी रस्त्याचा जुना रोलर होता, विहिरीवरचा पंप होता, जिनिंगच्या प्रेसचं आडवं इंजिन होतं. पितळेचे दट्टे सिलिंडरात लोण्यासारखे सरकायचे. चाकांचे आरे कानशीनं घासून घासून काड्यांसारखे बारीक केलेले. आणि त्यातलं एकही पुरं झालेलं नव्हतं. एक हाताशी असतानाच तो दुसरं सुरू करायचा, दुसऱ्याच्या वेळी तिसरं. अर्धवट राहिलेलं इंजिन जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर जायचं. कोणी विचारलं तर कारण तयार असायचं: तांब्याचा पत्रा बरोबर मिळाला नाही, हंगाम डोक्यावर आला, डोळे दुखतात.

शादाब रविवारी आला तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं की नागपूरच्या घरात दोन-तीन मावतील, बाकीचं पितळ-तांबं भंगारात द्यावं लागेल. गनीनं जेवण टाकलं आणि शेडमध्ये गेला. शादाब संध्याकाळच्या बसनं परत गेला तरी तो बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैबुनबीनं शेडचं दार ठोठावलं. ती महागावकडच्या खेड्यातली. लग्न होऊन एवढी वर्षं आर्णीत काढली तरी बोलणं माहेरचंच राहिलं होतं. या शेडमध्ये ती कधी पाच मिनिटांवर थांबली नव्हती. चहा ठेवायची आणि निघायची. आज ती बाज घेऊन आली होती. बाज मधोमध टाकून तिनं एकेक धोतराचा तुकडा सोडायला घेतला.

तिनं काम कसं करायचं ते रात्रीच ठरवलं होतं. थोडक्यात पुरी होतील ती इंजिनं बाजेवर. निम्म्यात असतील ती भिंतीला. ज्यांचं एखादं चाकच झालं आहे ती दाराबाहेर, भंगारात. गनी हरेक वस्तूसाठी अडत होता. एका पंपाच्या दांड्यावरून दोघांत इतकी जुंपली की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. जैबुनबीनं आवाज चढवला नाही, पण दांडाही सोडला नाही. तो गेला भंगारात. दुपारपर्यंत गनी थकून स्टुलावर बसला आणि ती विचारेल तेवढंच सांगू लागला.

प्रेसचं इंजिन तिनं बाजेवर ठेवलं होतं. सगळ्यांत जास्त काम झालेलं तेच. मोठं जड चाक, त्याला लाल रंग दिलेला, तेल टाकायच्या वाट्यासुद्धा जागच्या जागी. ती पाणी प्यायला घरात जाऊन आली तेव्हा ते इंजिन बाजेवर नव्हतं. दाराबाहेर, भंगाराच्या ढिगावर पडलं होतं.

दिवसभर एका खिळ्यासाठी भांडणारा माणूस सगळ्यांत चांगलं इंजिन आपल्या हातानं बाहेर टाकतो, हे तिला खटकलं. तिनं ते उचलून आत आणलं. मग बाजेवरच्या आणि भिंतीच्या इंजिनांकडं एकेक करून नीट पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं.

"यायच्यातल्या एकालेबी बॉयलर नाई," ती म्हणाली. "काहून?"

गनीनं तांब्याच्या पत्र्याचं सांगितलं. ती म्हणाली, पत्रा तर कोपऱ्यात पडला आहे, त्यावर धूळ चढली आहे. तो उठून दाराकडं निघाला. ती दारात उभी राहिली. त्यांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. तिनं आजवर त्याची वाट अडवली नव्हती, आणि त्याला बायकोला हातानं बाजूला सारायची सवय नव्हती. मग तो परत स्टुलावर बसला आणि बोलू लागला.

मिसरूड फुटायच्या वयात तो एका जिनिंगमध्ये बॉयलरवर लागला होता. त्या काळी तिथली प्रेस वाफेवर चालायची. बॉयलर सांभाळायचा अमरसिंग, तांड्यावरचा, तोच गनीचा उस्ताद. आग कशी राखायची, काचेच्या नळीत पाण्याची पातळी कशी वाचायची, वाफेचा आवाज बदलला की काय समजायचं, सगळं त्यानं शिकवलं. एका हंगामात कापूस इतका आला की फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग संपेना. मॅनेजर म्हणाला, गाठी जास्त निघाल्या पाहिजेत, दाब वाढवा. बॉयलरवर एक झडप असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती आपोआप उघडते आणि वाफ सोडून देते. मॅनेजरनं त्या झडपेच्या दांड्याला जादा वजन टांगायला लावलं, म्हणजे ती लवकर उघडणार नाही. अमरसिंग नको म्हणाला. शेवटी त्यानंच टांगलं. थोड्या वेळानं त्यानं गनीला स्टोअरमधून तेल आणायला पाठवलं. गनी डबा घेऊन स्टोअरच्या दारात होता तेव्हा बॉयलर फुटला.

पुढचं त्यानं फार सांगितलं नाही. आवारात साठवलेला कापूस उडून वरून पडत राहिला, एवढं सांगितलं. आणि उस्तादाला त्यानं ओळखलं ते हातातल्या कड्यावरून.

त्यानंतर तो बॉयलरच्या खोलीत पुन्हा गेला नाही. लेथ शिकला. पण इंजिनावर त्याचा राग नव्हता. दट्टा पुढं-मागं होताना बघणं त्याला सोडवेना, म्हणून तो लहान इंजिनं करू लागला. बॉयलरची वेळ आली की हात थांबायचे, तेव्हा दुसरं सुरू करायचं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःशीही इतकं सरळ कधी बोलला नव्हता.

जैबुनबी ऐकत होती. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला. मग म्हणाली, "सगळे नोका करू. हे एक करा. नाईतर मले सांगा, म्या आत्ताच भंगारवाल्याले बोलावतो."

दोन दिवस गनी शेडकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कोपऱ्यातला तांब्याचा पत्रा काढला.

बॉयलर वळायला, त्याला आतून आधाराच्या पट्ट्या बसवायला आणि सगळे सांधे चांदी वितळवून डाग देऊन जोडायला पंधरवड्यावर वेळ गेला. दसरा जवळ येत होता. मालक एकदा येऊन दारातूनच बघून गेला. गनीचं जेवण कमी झालं, झोपेत तो दात खाऊ लागला. गावातल्या आयटीआयत शिकवणाऱ्या मंदारनं दाब मोजायचा काटा आणि हातपंप आणून दिला. आधी बॉयलर थंड पाण्यानं गच्च भरून पंपानं दाबायचा, तोही चालवायचा त्याच्या दुप्पट दाबानं. पाण्याच्या दाबानं सांधा सुटला तर नुसतं पाणी गळतं, स्फोट होत नाही. पहिल्या खेपेला एका पट्टीपाशी थेंब आला. गनीनं बॉयलर पुन्हा तापवून डाग दिला. दुसऱ्या खेपेला काटा दुप्पट खुणेवर गेला आणि तिथंच थांबून राहिला. थेंब नाही. मंदारनं पाठ थोपटली. गनीच्या कपाळावर मात्र घाम होता, कारण आता पुढं आग होती.

वाफ धरायची ती त्यानं एका उजळ सकाळी धरली. इंजिन अंगणात दगडावर ठेवलं, बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा सरकवला. मंदारला त्यानं भिंतीआड उभं केलं. जैबुनबीला घरात जा म्हणाला. ती ओट्यावर बसली ती उठली नाही.

पाणी तापायला लागलं तसा बारीक आवाज येऊ लागला. तो आवाज गनीच्या कानानं ओळखला आणि त्याची मान ताठ झाली. काटा हलला. सावकाश चढू लागला. गनीनं चालवायच्या दाबावर लाल खूण केली होती. तिथं पोचलं की झडप उघडायला हवी. काटा लाल खुणेपाशी आला. झडप गप्प. काटा खूण ओलांडून पुढं गेला.

बॉयलरनं याच्या कितीतरी जास्त दाब पाण्यानं झेलला होता. हे गनीच्या डोक्याला नीट ठाऊक होतं. पायांना पटत नव्हतं. तो एक पाऊल मागं आला, मग दुसरं. भिंतीआडून मंदार ओरडून सांगत होता की मागं व्हा, दिवा विझेल आपोआप. स्पिरिट अजून बरंच होतं. काटा चढतच होता, आणि ओट्यावर जैबुनबी होती, इंजिनापासून चार हातांवर, उठायचं नाव न घेता. ती इंजिनाकडं बघत नव्हती, गनीकडं बघत होती.

"उठ," तो म्हणाला.

"तुमी विझवा," ती म्हणाली.

तो पुढं गेला. वाकलेली सळई दिव्याच्या कडीत अडकवून त्यानं दिवा ओढून काढला, मातीत उलटा केला, आणि उजव्या हातानं बॉयलरवरच्या शिट्टीची चावी पूर्ण उघडली. वाफ त्याच्या मनगटावरून गेली. शिट्टीनं अख्खी गल्ली जागी झाली. कुठलं तरी कुत्रं भुंकू लागलं. काटा थरथरत खाली येऊ लागला, खुणेच्या आत आला, आणखी खाली आला. गनी तिथंच उकिडवा बसून राहिला, भाजलेला हात पोटाशी धरून. मंदारनं आणि जैबुनबीनं मिळून त्याला ओट्यावर आणलं.

त्या दिवशी तो सगळं भंगारात द्या म्हणाला, आणि तसं म्हणत असताना जैबुनबीनं त्याच्या मनगटाला मलम लावलं. दुपारी त्याला झोप लागली. उठला तेव्हा त्यानं न सांगता झडप खोलली आणि भिंगाखाली धरली. वाफ अडवणारी गोळी बसते त्या कडेला डाग देतानाचा काचेसारखा खवला चिकटला होता, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. गोळी त्यात रुतून बसली होती. त्यानं तो काढला. स्प्रिंग बदलली. नीट केलेली झडप पाण्याच्या दाबावर इतक्या वेळा उघडून पाहिली की मंदार कंटाळून घरी गेला.

दोन दिवसांनी पुन्हा दिवा पेटवला. या वेळी काटा लाल खुणेवर आला आणि झडप फस्स करून उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गनीनं ती तशी बराच वेळ उघडमीट करू दिली. मग वाफेची चावी थोडी फिरवली आणि बोटानं लाल चाकाला धक्का दिला. चाक अर्धं फिरून अडलं. सिलिंडरनं पाणी थुंकलं. त्यानं पुन्हा धक्का दिला. चाक फिरलं, दट्टा गेला आला, गेला आला, आणि इंजिन चालू लागलं. ते स्पिरिट संपेपर्यंत चाललं. तेवढा वेळ गनी रडत होता. जैबुनबीनं त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि मंदारनं मुद्दाम इंजिनाविषयी काहीबाही विचारलं.

दसऱ्याच्या आधी शेड रिकामी झाली. रस्त्याचा रोलर आणि विहिरीवरचा पंप मंदार आयटीआयत घेऊन गेला, पोरं काय करायचं ते करतील म्हणून. दाराबाहेरचा ढीग भंगारवाल्यानं नेला. तो तराजूवर चढवताना गनी दुकानात जाऊन बसला. प्रेसचं आणि लहान रुळाच्या गाडीचं इंजिन टेम्पोत सामानासोबत नागपूरला गेलं.

नागपूरला शादाबनं गच्चीवर कामासाठी पत्र्याचं छप्पर घालून दिलं. रुळाच्या गाडीच्या इंजिनाचा बॉयलर अवघड. त्यात बारीक नळ्यांचं जाळं. गनीचे डोळे आता खरंच दुखत होते, त्यामुळं ते काम दोन हिवाळे चाललं. पहिल्या पाण्याच्या दाबाला तो बॉयलर एका कोपऱ्यात पाझरला. गनीनं तो पुसून कोरडा केला आणि पुन्हा डाग द्यायला शेगडीवर घेतला.