उजव्या हाताचा आराम

मंगलाबाईच्या नजरेत सहसा कोणी भरत नसे. मिरचीच्या सातऱ्याचा मालक लक्ष्मणराव तिच्या लेखी नुसता ढेकर देणारा माणूस होता. सरपंच त्याहूनही हलका, आणि पुनर्वसनात घरं बांधणाऱ्या इंजिनिअरचं नाव निघालं की ती बाजूला तोंड करून थुंकायची.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हापासून ती सातऱ्यावर जात होती. सातरा म्हणजे वर पत्रे आणि खाली लाल मिरचीचे ढीग. दिवसभर फतकल मारून देठ खुडायचे. संध्याकाळी हात पेटायचे. ताक लावा, तेल लावा, आग आपल्या मर्जीनंच विझायची. बायकांचा कायदा एकच होता: हाताची आग होतेय तोवर हातात मिरची आहे, आणि तोवर डोळ्याला नि लेकराला हात लावायचा नाही.

या कायद्यानं यंदा तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. लेक प्रतिक्षा बाळंतपणाला आली, ऐन हंगामात सुगत जन्मला, आणि तीन महिने आजीनं नातवाला दुपट्यात गुंडाळूनच घेतलं. त्याचा गाल किती मऊ आहे हे ती फक्त ऐकून होती. येत्या रविवारी प्रतिक्षा सासरी जाणार होती.

त्याच आठवड्यात टीना नावाची मुलगी नागपूरच्या कुठल्याशा औषधाच्या कॉलेजातून मलम घेऊन सातऱ्यावर उगवली. अंगात पांढरा कोट, नाकाला रुमाल, दर वाक्याला दोन शिंका. प्रत्येक बाईला तिनं दोन ट्यूब दिल्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या हाताची. एकीत औषध, दुसरीत नुसतं साधं मलम. कोणती कुठली हे तिलाही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी हात धुऊन लावायचं आणि आग किती होते त्याचा दहापैकी आकडा सांगायचा.

"काहून वं पोरी, तुलेच मालूम नाही, त मंग तू आली कायले?"

"तपासणी अशीच असते, काकू."

"आन् दहापैकी? आग का परीक्षेले बसली हाय?"

बायका खिदळल्या. मंगलाबाईनं ट्यूब मात्र घेतल्या, फुकटच्या होत्या म्हणून.

सोमवारपासून ती लावत होती. डावा हात नेहमीसारखा धगधगायचा. उजवा मात्र बुधवारी चक्क गार पडला. मंगलाबाईला याचा रागच आला, कारण आता त्या शिंकऱ्या पोरीला मान द्यावा लागणार होता. तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

गुरुवारी तिन्हीसांजेला प्रतिक्षा न्हाणीत होती आणि पाळण्यात सुगत रडायला लागला. मंगलाबाईनं हात धुऊन मलम लावलेलंच होतं. पेटलेला डावा हात तिनं पाठीमागे पदरात गुंडाळला. उजव्याला आग नव्हती, म्हणजे मिरची नव्हती. इतक्या उन्हाळ्यांचा कायदा होता तो. तिनं उजवी बोटं नातवाच्या गालावरून फिरवली. हात जरा बधिर होता, त्याला मऊपणा नीट कळेना. म्हणून तिनं पुन्हा फिरवली, या खेपेला डोळ्याच्या कडेपर्यंत.

सुगत असा किंचाळला की शेजारपाजार धावून आला. प्रतिक्षा ओल्या केसांनी बाहेर आली, लेकराला हिसकावून पाण्याखाली धरलं. डॉक्टरांनी डोळा धुऊन दिला, दोन दिवसांत सूज उतरेल म्हणाले.

"माय, तुले समजत नोहोतं का वं?" प्रतिक्षा म्हणाली.

तुला समजत नाही असं मंगलाबाईला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तसं म्हणण्याचा हक्क तिनं फक्त स्वतःकडे ठेवला होता. त्या रात्री तिनं जगातल्या सगळ्या बावळटांत पहिला नंबर स्वतःला दिला.

शुक्रवारी ती सातऱ्यावर गेली नाही. टीना कागद घेऊन घरी आली.

"काकू, उजव्या हाताला आराम किती?"

"दहापैकी दहा."

टीनाचा चेहरा फुलला.

"आता पुढचं लिव. आग गेली, मिरची हातातच रायली, आन् नातवाचा डोळा सुजला."

टीनानं पाळण्याकडे पाहिलं, मग कागद उलटसुलट केला. "यासाठी रकाना नाही, काकू. पण मी सरांना सांगते."

"सांग. आन् ह्या तुह्या ट्यूबा घेऊन जाय. आग इमानदार होती वं पोरी. तुह्या मलमानं तिलेच मुकी केली."

शनिवारीही ती घरीच बसली, हात पुन्हा पुन्हा धूत. रविवारी सकाळी डाव्या हाताची आग आपल्या मर्जीनं विझली. बस यायला थोडा वेळ होता. मंगलाबाईनं डाव्या हाताचं बोट आधी स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिलं, थोडी थांबली, मग सुगतच्या गालावर टेकवलं. तो तिच्याकडे बघत राहिला, रडला नाही.

"माय, लेकराले डावा हात?" प्रतिक्षा म्हणाली.

"याचाच भरोसा हाय," मंगलाबाई म्हणाली.

उजवाही शांत होता. त्याला तिनं विचारलंसुद्धा नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत तो पाठीमागे पदरात गुंडाळलेला होता.