माळवदावर सापडलेलं गाव

सकाळी धाराशिवहून बेंबळीच्या एसटीत बसलो, तेव्हा माझी मुलगी मुक्ता पडद्यावरची नजर हलवत नव्हती. मांडीवर लॅपटॉप, त्यात नकाशा आणि नकाशावर एक लाल ठिपका. प्राचीन काळी तेरच्या बाजारपेठेतून दक्षिणेला जाणारे व्यापाऱ्यांचे बैल कुठल्या वाटेनं गेले असतील, हे तिनं संगणकावर पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं होतं. चढ किती, पाणी कुठं, लादलेला बैल कुठं दमेल, सगळं त्यात घातलेलं. बैल बहुतेक वेळा त्या ठिपक्यापाशीच मुक्काम करत. तिथं जुनी वस्ती असणारच, असं तिचं म्हणणं. तिचे सर म्हणाले होते, जमिनीवर पुरावा मिळाला तर ठेव, नाहीतर ठिपका पुसून टाक. तिचं सगळं संशोधन त्यावर अडलं होतं.

बेंबळीपुढं चालत गेलो. ठिपक्याच्या जागी सोयाबीन काढलेलं सपाट रान. ना पांढरीचं टेकाड (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचा उंचवटा), ना खापराचा तुकडा. ऊन डोक्यावर आलं तरी मुक्ता वाकून फिरत राहिली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तेवढीच काय ती प्राप्ती. आई म्हणून मला पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

रानाच्या मालकीण सुशीलाबाई आम्हाला आग्रहानं घरी जेवायला घेऊन गेल्या. भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) खाऊन मला तरी हुशारी आली. मग त्या वाळत घातलेल्या शेंगा गोळा करायला माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) निघाल्या, तशा आम्हीही मदतीला चढलो.

शेंगा भरता भरता मुक्ता थबकली. पावसानं धुतलेल्या छताच्या मातीतून खापरं वर आली होती. तांबडी, काळी, एकावर तर नक्षी.

"मावशी, ही माती कुठली?"

"त्याच रानातली की. लई मोठी पांढरी हुती तिथं. ती अंथरली की माळवद गळत न्हाय, म्हणून समद्या गावानं गाड्या भरून नेली. उरलेलं सासऱ्यांनी सपाट केलं, वर तळ्याचा गाळ टाकून पेरलं."

मुक्ता तिथंच बसून रडली. मीही रडले. मग शेजारची माळवदं पाहिली, तिथंही तीच खापरं. सुशीलाबाई आमच्यापुढं चालत घरोघर सांगत होत्या, आमच्या रानात व्यापारी मुक्कामाला यायचे. जणू त्या व्यापाऱ्यांना भाकरी त्यांनीच वाढली होती.

परतीच्या एसटीत सरांचा फोन आला. मुक्तानं पाठवलेले खापरांचे फोटो पाहून ते म्हणाले, ठिपका राहू दे, मीच बघायला येतो. मुक्ता लगेच झोपली. मला मात्र अभिमानानं बसवेना. नुसत्या गणितानं माझ्या लेकीनं हरवलेलं गाव हुडकलं होतं. कंडक्टर तिकिटाला आला, तर त्यालाही मी बैलांपासून सगळी हकीकत ऐकवली.

तो तिकीट द्यायचं विसरून शेजारी टेकला. म्हणाला, "ताई, आमचं माळवद बी पांढरीचंच हाय. पोरीला एकदा पाठवा की."