हात मागे

भिंगबाईंचा आवाज असा, की वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत त्यांनी ‘खाली बसा’ म्हटलं तर तळमजल्यावरचा शिपाईसुद्धा चटकन स्टुलावर टेकायचा. बाई विज्ञान शिकवायच्या. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण भिंग हमखास असायचं, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

शाळा साधीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी शाळा होती, तिथल्या प्रयोगशाळेत टेबलाटेबलावर कॅमेरा बसवलेले सूक्ष्मदर्शक, समोर पडदे, सगळा थाट. आणि इथे? एकच जुनं यंत्र, तेही असं की फोकस लावून मान वळवली की नळी घसरून खाली. पेशी कशी दिसते ते पोरं पुस्तकातल्या चित्रात बघायची. बाईंचं डोकं फिरायचं. बैठक पाण्याच्या टाकीची असली तरी बाई उभ्या राहायच्या: “पेशी काय फक्त त्यांच्याच मुलांना असतात? सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे.” वरचे साहेब त्यांना लांबून बघूनच वाट बदलायचे. पण बाई पडल्या खमक्या. हात धुऊन मागे लागल्या आणि एकदाची खोकी आली. चार सूक्ष्मदर्शक, कॅमेऱ्यासकट, आणि चार छोटे पडदे. त्या दिवशी बाईंनी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला, गणिताच्या सरांनासुद्धा, म्हणजे बघा.

वर्गाचे गट पाडले, गटागटाला एक यंत्र दिलं. कामंही वाटून दिली: एकानं यंत्र चालवायचं, एकानं काचपट्टी तयार करायची, एकानं पुसापुशी, एकानं लिहायचं. ज्याला जे जमतं ते त्याला. वाटणी कशी चोख. घरी संगणक असलेला एक पोरगा होता, त्याला एका जागी बसणं माहीत नव्हतं, म्हणून त्याचं नाव इंजिन. त्याच्या हाती यंत्र. आणि त्याच गटात लिहायला बाईंची भाची.

ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिच्या गावात वरचे वर्ग नव्हते, म्हणून शिकायला मावशीकडे राहिलेली. घरी मावशी, शाळेत बाई. चुकून शाळेत ‘मावशी’ निघालं की वर्ग खिदळायचा. तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. प्रयोगाची वही आली की बाई ती शिक्षकांच्या खोलीत मिरवायच्या. पोरीला विज्ञान विद्यालयात जायचं होतं. जागा मोजक्या, लेखी परीक्षा आणि वर प्रात्यक्षिक. लेखीची चिंताच नव्हती. प्रात्यक्षिकाचा सराव म्हणून बाईंनी एक दिवस वर्गातच परीक्षा ठेवली, प्रत्येकानं एकेकट्यानं येऊन कांद्याचा पापुद्रा दाखवायचा.

भाचीची पाळी आली. ती स्टुलावर बसली. पेन काढलं, टोपण उघडलं. यंत्राकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, विचार करतेय. मग ती हळूच म्हणाली, “बाई, कोणी लावून देईल का? मी लिहिते.”

“अगं, पण तूच तर इतक्या वेळा...”

“मी लिहिलंय, बाई. हात कुठे लावलाय?”

त्यांनी बाकीच्या तीन गटांतल्या लिहिणाऱ्या आणि पुसणाऱ्या मुलांना एकेक करून बसवलं. तीच गत. यंत्र चालवायला दिलेली मुलं आधीपासूनच असल्या वस्तू हाताळणारी, आणि ज्यांच्या घरी काही नाही ती इथेही फडकं घेऊन उभी. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून गावभर भांडलेल्या बाईंच्या स्वतःच्या खोलीत हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाईंना स्वतःचीच लाज वाटली, अगदी रडू येईपर्यंत.

संध्याकाळी त्यांचा नवरा बसच्या पाळीवरून आला. तो ड्रायव्हर. बायको गप्प बसलेली बघून आधी त्याला वाटलं, ताप आलाय. सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाला, “मला गाडी शिकवणारा वस्ताद हात मांडीखाली दाबून बसायचा. तोंडानं शिव्या घालायचा, पण स्टीअरिंगला हात लावायचा नाही. म्हणायचा, मी हात लावला तर तू जन्मभर कंडक्टर राहशील.”

“मग माझ्या वर्गात सगळे कंडक्टरच झालेत की,” बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. कामं रोज फिरणार. आणि ज्याला येतं त्यानं हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त तोंडानं सांगायचं. इंजिनचे काय हाल झाले! हात मागे बांधून ते पोरगं जागच्या जागी नाचायचं: “उजवीकडे. अगं, तुझं नाही, माझं उजवं. हळू. हळूऽऽ.” पहिल्या आठवड्यात प्रयोग कमी आणि भांडणं जास्त. इंजिनची आई शाळेत आली, आमच्या मुलाचा वेळ का फुकट घालवता म्हणून. शिक्षकांच्या खोलीतही कुजबुज, ‘आपला तो बाब्या’. भाचीसाठी सगळ्या वर्गाला वेठीला धरलंय. ते बाईंच्या कानावर आलं.

“हो, भाचीमुळेच डोळे उघडले,” बाई म्हणाल्या, “पण फडकं घेऊन उभी असलेली मुलं माझ्या नात्यातली नाहीत.” इंजिनच्या आईला मात्र त्यांनी वर्गात नेऊन उभं केलं. पोरगा एका मुलीला प्रकाश कसा कमी करायचा ते समजावत होता, शब्द शोधत, डोकं खाजवायला हात मोकळा नाही म्हणून खांद्यावर कान घासत. आई बघत राहिली. “घरी तर मला कधी इतकं नीट सांगत नाही,” म्हणाली आणि गेली.

भाचीचं मात्र सोपं गेलं नाही. एकदा तिनं मोठा स्क्रू भलत्याच बाजूला फिरवला, भिंगाची नळी खाली येत राहिली, बाई दोन पावलांवर उभ्या. आता काच फुटणार हे त्यांना दिसत होतं. हात पुढे गेलाच होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं मागे धरला. कच्च आवाज झाला. पट्टीचे दोन तुकडे.

भाचीनं डोळ्यांत पाणी आणून वर पाहिलं. बाईंनी आधी भिंग शाबूत असल्याचं बघून घेतलं. मग आवाज चढवायचा नाही असं ठरवून म्हणाल्या, “फुटली. आता कळलं ना कुठे थांबायचं? दुसरी घे.” तिनं दुसरी घेतली. त्या दिवशी पडद्यावर पेशींच्या विटांची भिंत आली ती तिच्या हातून आलेली होती. ती लिहायचंच विसरली.

प्रवेश परीक्षेच्या दिवशी मावशी आणि काका दोघंही विज्ञान विद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे. काका गाडीसारखे एकाच जागी घरघरत होते. मुलं बाहेर पडू लागली. भाची अगदी शेवटी आली, तोंड उतरलेलं. बाई चटकन पुढे झाल्या.

“काय झालं गं?”

“यंत्र वेगळंच होतं, मावशी. आपल्यासारखं नाही. सगळे स्क्रू भलतीकडे.”

“मग?”

“मग काय, एकेक फिरवून बघितला. लागलं शेवटी.” तिनं पेनची शाई लागलेला अंगठा ओढणीला पुसला. “पण अक्षर फार घाण आलं. बघतच बसले आणि वेळ संपत आला. शेवटच्या ओळी तर तुलासुद्धा वाचता येणार नाहीत.”

तिला जागा मिळाली ती पुढे, यादी लागल्यावर. पण त्या फाटकापाशीच भिंगबाईंनी, छापल्यासारखं अक्षर शिक्षकांच्या खोलीत मिरवणाऱ्या त्या बाईनं, पोरीला सगळ्यांदेखत जवळ ओढलं आणि म्हणाल्या, “घाण येऊ दे.” काकांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर भाची म्हणाली, “हात मागे, काका. माझी मी आणते.”