सगुणाबाईंकडचे शनिवार

पाळक होण्याचं शिक्षण घेत असताना मी पाच वेळा खोटं लिहिलं, आणि तेही देवाच्या कामाच्या वहीत. चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की मंडळीला वाटतं, आता ही बाई मोठ्या आजारातून उठल्याचं सांगेल, नाहीतर स्वप्नात दिसलेल्या उजेडाचं. माझ्याकडे तसलं काहीच नाही. खोटं बोलताना मी पकडले गेले नाही आणि तरीही वाचले, एवढंच मला सांगायचं आहे. देवाने मला वाचवलं ते माझ्या सासूबाईंच्या हातून, म्हणून ही साक्ष खरं तर त्यांची आहे.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि घराची मागची खोली पोरांना भाड्याने दिली नाही असं घर शोधावं लागत होतं. मी एका खाजगी क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. पहिली बॅच पहाटे साडेपाचला, दुसरी दुपारी चारनंतर, आणि परीक्षा जवळ आली की क्लास चालवणाऱ्या सरांच्या डोक्यात येईल तेव्हा जादा तास. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. थोरली मुलगी दहावीला, धाकटी सहावीला. आणि घरात माय. माय म्हणजे माझ्या सासूबाई. हे त्यांना माय म्हणतात म्हणून मीही म्हणते.

एवढं सगळं गळ्यात असताना मला पाळक व्हायचं होतं. आमचं चर्च अँग्लिकन वळणाचं. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून आधी डीकन करायचं, मग पाळक, अशी रीत. आमच्यात बाईलाही हे दार उघडं आहे, पण उंबरठा उंच आहे. माझी धाकटी नणंद भूकंपात गेली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमधून डबे वाटत फिरताना मला कळलं होतं, की डब्यापेक्षा लोकांना दोन घटका बसणारं माणूस हवं असतं. ती हाक मी कानाआड केली नाही. पण हाक ऐकणं वेगळं आणि अभ्यासक्रम पुरा करणं वेगळं. महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी क्लासची सुट्टी टाकून मी नांदेडला शिकायला जायची, अहमदपूर, लोहा करत एसटीत ग्रंथ उघडायची आणि लोह्याच्या आधीच झोपून जायची. एक ना धड भाराभर चिंध्या, असं माझं मलाच वाटायचं.

अभ्यासाचा एक भाग भेटींचा होता. पाळकसाहेबांनी नेमून दिलेल्या घरी दर शनिवारी जायचं, बसायचं, प्रार्थना करायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. माझ्या वाट्याला सगुणाबाई आल्या. किल्लारीच्या बाजूला भूकंपानंतर नव्याने बसवलेल्या एका गावात सरकारी घरात एकट्या राहायच्या. मुलगा, सून आणि नातू एकाच रात्री गेले होते. त्या स्वतः खुब्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या. शेजारीण भाकरी-पाणी बघायची.

पहिल्या शनिवारी मी बायबल आणि स्तोत्रांचं पुस्तक घेऊन गेले. खाटेजवळ बसले, तोंड भरून हसले आणि म्हणाले, "सगुणाबाई, एक प्रार्थना करू या का?"

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मग छताकडे बघत म्हणाल्या, "देवाचं नाव काढू नकोस इथं. माझ्या नातवाला दाबून मारताना कुठं गेलता त्यो? ऊठ. जा तू."

मी उठले. तरातरा फाट्यावर आले आणि मिळेल ती जीप पकडून घर गाठलं. स्वयंपाकघरात यांच्यापुढे बसून रडले. माय तांदूळ निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. मला रागच आला. माझ्या या शिक्षणाबद्दल त्यांनी कधी बरंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही. मला मात्र खात्री होती की त्या मनातून मला पाण्यात पाहतात.

पुढच्या शनिवारी सरांनी जादा तास ठेवला. खरं सांगायचं तर सरांनी विचारलं होतं, कुणाला जमेल का, आणि सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला होता. पोरांच्या गुणांची मला काळजी होती म्हणून नव्हे. त्या खाटेजवळ परत जायचं माझ्यात धैर्य नव्हतं. त्यानंतरचे शनिवारही असेच गेले. नांदेडला वही दाखवायची वेळ आली तेव्हा एसटीत, गुडघ्यावर वही ठेवून मी लिहिलं: "भेट झाली. स्तोत्र वाचलं. प्रार्थना केली. बाईंना समाधान वाटलं." असं पाच वेळा, तारखा बदलून. गाडीच्या हादऱ्यांनी अक्षर वाकडं आलं होतं, आणि ते बघून मला बरंच वाटलं, की प्रवासात लिहिलेलं किती खरं दिसतं!

आणि त्याच दिवसांत माझी घरात चिडचिड चालू होती ती मायवर. दर शनिवारी सकाळी भाकरी झाल्या की त्या लुगडं बदलायच्या, पिशवी घ्यायच्या आणि "औशाला मावसबहिणीकडं जाऊन येते" म्हणून निघायच्या. संध्याकाळी मी क्लासमधून दमून यावं तर चूल थंड. धाकटीची वेणीसुद्धा घातलेली नसायची. मी भांडी आपटायची. एकदा यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालेसुद्धा, "इथं एकीला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि एकीला या वयात माहेरपण सुचतंय." माय पाय दाबत बसल्या होत्या.

मग एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर माझं कौतुक केलं. "नोकरी, संसार, दोन मुली, आणि एक भेट चुकलेली नाही. बिशपसाहेबांसमोर मुलाखत आहे पुढच्या आठवड्यात. त्यांच्यासाठी प्रार्थना करा." बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलाखतीत ती वही टेबलावर असणार होती आणि तिच्या आधारावर माझ्या डोक्यावर हात ठेवले जाणार होते. सांगावं तर सगळं संपलं, न सांगावं तर जन्मभर खोट्या पायावर उभं राहायचं. भूकंपाच्या मुलखात राहून पायाचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको होतं.

शनिवार येईपर्यंत मी एवढंच ठरवू शकले, की आधी सगुणाबाईंचे पाय धरायचे, मग बाकीचं. सरांना निरोप पाठवला की आज येणार नाही. माय त्या दिवशी गुडघा सुजल्यामुळे घरीच होत्या. "मी बाहेर जाऊन येते," एवढंच त्यांना म्हणाले.

फाट्यावर उतरले. तिथे एका चाचांचं चहाचं हॉटेल होतं. उन्हात मी गावाची वाट धरलेली बघून त्यांनी हाक मारली, "बाई, लातूरहून आल्या का? कोणाकडं?"

"सगुणाबाईंकडे."

"मग चालत कशाला? बसा, आमचा टेम्पो चाललाय गावात." टेम्पोत मला जागा करून देत त्यांनी विचारलं, "आज त्या माय न्हाई आल्या? दर शनवारी मीच बसवून देतो त्यांना. गुडघ्यानं लई बेजार हायत."

माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. असेल कुणी नात्यातली, असं वाटलं. मी माझ्या माफीचे शब्द जुळवत होते.

घराचं दार उघडंच होतं. सगुणाबाई खाटेवर होत्या, पण बसलेल्या, पाठीला उशी लावून. केस विंचरून घट्ट अंबाडा घातलेला. नखं कापलेली. कोनाड्यात तेलाची बाटली, तिच्या शेजारी आमच्याच घरचा एक स्टीलचा डबा, झाकणावर आमच्या यांचं नाव कोरलेला. मी त्या डब्याकडे बघतच राहिले.

"आली का गं तू," सगुणाबाई म्हणाल्या. "बस. तुझी सासू कशी हाय? गुडघा लई दुखतोय म्हनत व्हती मागच्या खेपेला."

मला बसायचंसुद्धा सुचेना. "माझी सासू इथं येते?"

"आगं, तूच तर धाडतीस! पैल्या दिशी आली तवा मी तिलाबी जा म्हनले. ती म्हनली, सुनेनं पाठवलंय, तिला पोरांच्या परीक्षेनं धरून ठेवलंय, मी अशीच गेले तर तिला वाईट वाटंल. बसू दे घटकाभर. आन् बसली. काय बी बोलली न्हाई. मग माझं डोकं बघितलं, उवा झाल्या व्हत्या, त्या काढल्या. दुसऱ्या खेपेला म्हनली, माझी बी लेक गेली त्याच रात्री. मंग दोघी बी रडलो."

मायला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. नणंदेच्या मातीलाही त्या कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या. आम्ही सगळे म्हणालो होतो, बाई मनाची घट्ट आहे. त्यांचं रडणं इथे, या परक्या घरात, माझ्या नावाने चाललं होतं, आणि मी घरी चूल थंड म्हणून भांडी आपटत होते.

मी खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. जादा तास, वही, पाच खोट्या भेटी. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खोट्या कशानं? तुझ्या नावानं कुनीतरी आलंच की."

नांदेडच्या वर्गात कृपेची व्याख्या मी पाठ केली होती आणि परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळवले होते. आपल्या जागी दुसऱ्याने उभं राहणं, आपण न केलेलं आपल्या पदरात पडणं. त्या खोलीत पहिल्यांदा ती माझ्या अंगावर आली, आणि सांगते, ती सुखाची नव्हती. लाजेने अंग भाजत होतं. सुख नंतर आलं, हळूहळू.

घरी आले तेव्हा माय धाकटीची वेणी घालत होत्या. मी पोरीला बाहेर पाठवलं आणि त्यांच्या पायाशी बसले. "मला का नाही सांगितलंत, माय?"

"काय सांगायचं? तुला भ्या वाटलं व्हतं. भ्यालेल्या मानसाला आनखी काय बोलावं?" मग वेणीच्या फितीची घडी घालत म्हणाल्या, "मला बी तिथं जायाचंच व्हतं म्हन. घरात रडले असते तर तुमी समदे घाबरला असता."

मी म्हणाले, "वहीत मी खोटं लिहिलंय. पण आता सगुणाबाई म्हणतात..."

त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. "त्या काय बी म्हनत्याल. खोटं लिवलंस ते लिवलंस. भेटीला तुझ्या बदली मी गेले. पाळकसायबाकडं तुझ्या बदली न्हाई जानार. तिथं तूच जायाचं."

मी गेले. पाळकसाहेबांनी वही घेतली, आणि पाचही नोंदींवर शांतपणे रेघ मारली. मुलाखत एक वर्ष पुढे गेली. मंडळीत कुजबुज झाली, तीही सोसली. पुढच्या साक्षसभेत मी स्वतः उभी राहून कारण सांगितलं, तेव्हा ती थांबली. मी शनिवारचे तास कायमचे सोडले. सर नाराज झाले, पण पोरं पास व्हायची ती झालीच. त्या वर्षभर मी आणि माय बरोबरच जायचो. मी बहुतेक वेळा गप्प बसायची. त्या दोघी माझ्या शिकवण्याची, माझ्या स्वयंपाकाची आणि माझ्या गाण्याची मनसोक्त टिंगल करायच्या. सातव्या की आठव्या महिन्यात सगुणाबाई आपणहून म्हणाल्या, "म्हन काय म्हनायचं ते, ऐकते. पर लांबवू नगं." मी दोन वाक्यांची प्रार्थना केली. आजवर केलेल्या सगळ्या प्रार्थनांमध्ये ती मला जवळची आहे.

मला वाटत होतं, संसार, नोकरी आणि सेवा असं तिन्हींचं ओझं मी एकटी वाहते आहे आणि देव लांबून बघतो आहे. तो तर माझ्याच स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसला होता. मी फक्त त्याच्याकडे पाठ करून उभी होते. आता काही जमेनासं झालं की मी हात वर करून जादा काम मागत नाही, हात खाली ठेवते. आपल्याआधी कुणीतरी निघालेलं असतं, एवढा विश्वास आता बसला आहे. त्याबद्दल मी देवाची किती ऋणी आहे ते शब्दांत येत नाही, आणि मायची तर त्याहून जास्त, हे देवही समजून घेईल.

डीकनच्या दीक्षाविधीत उमेदवाराला बिशपसाहेबांपुढे हात धरून उभं करायला मंडळीतलं एक माणूस लागतं. मी मायचं नाव दिलं. नांदेडचं चर्च गच्च भरलं होतं. बिशपसाहेबांनी पुस्तकातला ठरलेला प्रश्न विचारला, "या सेवेसाठी ही व्यक्ती लायक आहे, याची तुम्ही खात्री करून घेतली आहे का?" उत्तर छापलेलं होतं, मी ते मायकडून चार वेळा घोकून घेतलं होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला, पुस्तकाकडे बघितलंच नाही, आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लायक हाय का न्हाई ते देव बघंल, साहेब. पर आता खोटं लिवत न्हाई."