पाकीट फोडेपर्यंत चालतं

फळीवर चार स्टीलच्या वाट्या पालथ्या घातलेल्या होत्या. धुतलेल्या. कोरड्या. खाली फरशीवर पेपर अंथरून त्यावर पातेलं ठेवलेलं. पातेल्यात लालभडक कोरियन नूडल्स, वाफ निघायली. भोवती आमी चौघी. रविवारी दुपारनंतर मेस बंद असती, त्यामुळं सगळ्यायला कडकडून भूक लागलेली.

आन् ऋतुजा म्हणली, "थांबा गं. कप संपलेत. हिच्यासाठी कप घेऊन येते."

उठली. चपला घातल्या. दोन जिने उतरून खाली चहाच्या टपरीवर गेली. एक कागदी कप आणायला.

मी वाट्यांकडं बघितलं. मग श्रद्धाकडं आन् पायलकडं बघितलं. दोघींनी मोबाईलमधी मुंड्या घातल्या. नूडल्स फुगायल्या. ह्या नूडल्स गरम गरमच वरपायच्या, निवल्या की लगदा होतो, हे आमाला ऋतुजानंच शिकवलतं. तरी ती गेली. हात लांब केला असता तर वाटी मिळाली असती, तरी जिने उतरून गेली.

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतके दिवस कावून पडला न्हाई, ह्याचाच मला लई राग येतो.

बीडात मी नर्सिंगला आलते. माझं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पल्याड. गावाच्या बाहेर आमची वस्ती, वस्तीवर निळा झेंडा. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती. बाप न्हाई. आडनाव आमचं गावावरनं पडलेलं, त्याच्यावरनं जात कळत न्हाई. म्हणून रूम मिळाली. त्याच्या आधी जिथं जिथं गेले, तिथं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला, मग म्हणले रूम भरली. ही मालकीण आडनाव विचारूनच थांबली.

रूममधी चौघी. ऋतुजाच्या बापाची दिंद्रुडकडं जमीन, दारात पांढरी गाडी, गाडीवर पक्षाचा झेंडा. श्रद्धा आन् पायल तिच्याच नात्यागोत्यातल्या. चौघी एकाच वर्गात. चांगल्या होत्या पोरी. खोटं कशाला बोलू. मला ताप आला तर पायल माझ्या उशाशी बसली होती.

कोरियाचं येड ऋतुजाला. दिवसभर मोबाईलवर कोरियन सिरियल. त्यात ते लोक एकच पातेलं मधी ठेवतात आन् सगळे मिळून त्यातच काड्या घालून खातात. ऋतुजा म्हणायची, "बघा गं, ताट न्हाई, वाटी न्हाई. एकाच पातेल्यात. त्याच्यानं माया वाढती." तिनं काड्या मागवल्या. पातेलंबी तिनंच आणलं, पिवळं, दोन कानाचं, सिरियलमधी असतं तसलं.

पण ते नूडल्सचं पाकीट लई महाग. मॉलमधी एका पाकिटाला जे पडतं त्यात आमच्या घरी दोन दिवसाची भाजी होती. म्हणून जुगाड मी शोधला. बशीरगंजात रफिकचाचाचं दुकान हाय. मोठ्या दुकानात न खपलेला माल त्यांच्याकडं येतो, तारीख संपायला थोडेच दिवस राहिलेला. माल चांगला, भाव निम्मा. मला बघितलं की चाचा खालच्या खोक्यातून पाकीट काढायचे. "ले बेटा, तेरे वास्ते रखा मैं. तारीख नजीक आयी, आधे में ले जा."

वर्गणी चौघींची सारखी. चालत जाणार मी. एक खरं कोरियन पाकीट घ्यायचं आन् तीन साधी देशी. नूडल्स सगळ्या एकत्र उकडायच्या. साध्याचा मसाला भाजीला ठेवायचा. कोरियन सॉसची पुडी शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची, मग पुडीत कोमट पाणी घालून विसळून तेबी वतायचं. तरी चौघींना तिखट कमी पडायचं. मग मायनं दिलेलं काळं तिखट घालायचं. ऋतुजा बोटं चाटायची. "तुझ्या मायच्या तिखटापुढं कोरिया पाणी भरतंय बघ," म्हणायची. चौघींच्या चार मुंड्या एका पातेल्यात. नाकातनं पाणी, डोळ्यातनं पाणी, आन् हसणं. मला वाटायचं, हेच ते. शिकायला शहरात यावं ते ह्याच्यासाठीच.

दिवाळीनंतर माय आली. मला बघायला, पहिल्यांदाच. धुवट लुगडं, पिशवीत भाकरी, डब्यात नवीन तिखट. ऋतुजानं तिला पाणी दिलं, कॉटवर बसवलं. माय लई खूश. पोरीच्या मैत्रिणी पाया पडल्या म्हणून डोळे पुसले तिनं. जाताना दारात उभी राहिली, हात जोडले, आन् सगळ्यायला म्हणली, "जयभीम, बायांनो. सुखानं शिका."

वस्तीवर आमी सकाळ-संध्याकाळ म्हणतो तसं म्हणली. तिच्या मनात काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी मला सर्दी झालती. ऋतुजा म्हणली, "तू ह्या कपात घे. आमाला लागंल तुझी सर्दी." बरोबरच हाय म्हणलं. नर्सिंग शिकायलोय आपण. घेतला कप.

सर्दी गेली. कप न्हाई गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा कप. "तुला कपात बरं पडतं न गं?" मी म्हणलं, हो. मग टपरीवरच्या कपांची एक थप्पीच फळीवर येऊन बसली. त्या तिघी पातेल्यात, मी भिंतीला टेकून कपात. चहाचा कप केवढा असतो? दोन घास नूडल्स बसतात. वर्गणी मात्र सारखीच. एक दिवस मायच्या तिखटाची बरणी फळीवर दिसंना. माझ्या कॉटखाली सापडली. कुणी ठेवली, विचारलं. "जागा न्हाई गं फळीवर," म्हणली श्रद्धा. मी तेबी मानलं. एवढी कशी येडी मी?

येडी न्हाई. माणसाला वाटतं की आपलं माणूस आपल्याशी असं करणार न्हाई.

आन् पाकीट आणायला मीच जायची बरं का! माझ्याच हातानं चाचाकडनं आणायची, माझ्याच पिशवीतनं. त्याला काही होत न्हवतं. सीलबंद पाकीट चालतं. माझ्या हातचं पाकीट चालतं, माझे पैसे चालतात. विटाळ पाकीट फोडल्यावर सुरू होतो. किती सोयीचा हाय बघा ह्यांचा धर्म!

आन् कोरिया चालतो. कोण कुठला माणूस, काय खातो, कुणाच्या पोटचा, ह्यांना काय माहीत? उद्या तो कोरियावाला दारात आला असता तर ऋतुजानं त्याच्या उष्ट्या पातेल्यात तोंड घातलं असतं आन् फोटो टाकला असता. मी केज तालुक्यातली. शेजारच्या कॉटवर झोपणारी. मला कप.

माझी माय ज्यांच्या रानात खुरपायला जाती, त्यांच्या गोठ्यात एक कोनाडा हाय. कोनाड्यात कान तुटलेला कप. तो मायचा. चहा वरनं वतायचे, वतणाऱ्याचा हात लागू न देता. प्यायल्यावर मायनंच विसळून पुन्हा तिथंच ठेवायचा. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे, तवा बघितलाय. माय म्हणायची, "तू शिक. तुझ्या हातात हा कप यायचा न्हाई." न्हाई आला, माय. कागदाचा आला. गोठ्यातला निदान माय विसळून ठेवायची. हा फेकून देतात.

हे सगळं ऋतुजा जिना चढून येईपर्यंत माझ्या डोक्यात फिरलं.

ती आली. धापा टाकायली. कप पुढं केला.

मी घेतला न्हाई. फळीवरचा काटा-चमचा घेतला, पातेल्याजवळ बसले, आन् पातेल्यात घातला. मोठा घास घेतला. तोंड पेटलं. त्या दिवशीचं पाकीट लई तिखटाचं होतं. डोळ्यातनं पाणी आलं. ते तिखटाचं होतं. रडले असते तर सांगितलं असतं.

"ए! हे काय केलंस?" ऋतुजा ओरडली.

"खाल्लं."

"अगं, कप आणला ना तुझ्यासाठी!"

"कप कावून?"

ऋतुजानं कप पुन्हा पुढं केला.

"वाट्या हायेत. फळीवर चार हायेत. कप कावून, ते सांग."

श्रद्धा म्हणली, "तसं काही नसतं गं. घरची सवय असती. तू मनाला लावून घेऊ नको."

"दिवाळीच्या आधी न्हवती का सवय?"

 ऋतुजानं पातेलं उचललं, मोरीत नेलं आन् उपडं केलं. सगळंच्या सगळं. भुकेल्या पोटी, चौघींच्या पैशाचं. एक शेवयीबी तिनं ठेवली न्हाई. मग पातेलं मोरीतच टाकून हात साबणानं धुतले. दोनदा धुतले. दवाखान्यात पेशंटला हात लावल्यावर आमाला धुवायला शिकवतात, तसे धुतले.

ती हात धुवायली होती तवा मला कळलं की आता माझ्यात आन् तिच्यात काही उरलं न्हाई.

तिनं मालकीणमावशीला फोन लावला. मावशी वर आल्या. माझं काहीच विचारलं न्हाई. "तू पातेलं बाटवलं तिचं. भरून दे. माफी माग. न्हाई तर संध्याकाळपर्यंत सामान उचल. आधी कळलं असतं तर रूमच दिली नसती मी."

परीक्षा तोंडावर आलेली. शेवटचं वर्ष. बीडात अशा वेळी मला रूम कोण देणार? मावशीला हे पक्कं माहीत होतं. ऋतुजालाबी माहीत होतं. म्हणून तर ती कॉटवर पाय हलवत निवांत बसली होती.

मी जिन्यात जाऊन मायला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं, माय भडकल.  ती म्हणली, "माग बाई माफी. परीक्षा होऊ दे. आपल्याला काय नवीन हाय का?"

 मग ती हळूच म्हणली, "मी जयभीम म्हणले म्हणून झालं का गं हे? माझंच चुकलं. पुढच्या बारीला आले तर मी गपच बसन."

तिथं माझं डोकं फिरलं. माझ्या कपाचं मी एक वेळ गिळलं असतं. पण माझ्या मायनं जयभीम म्हणल्याची चूक कबूल करावी? आयुष्यभर कोनाड्यातला कप विसळलेल्या बाईनं? तिच्या तोंडात एवढा एक शब्द तिचा स्वतःचा हाय. तोबी ह्यांच्या पातेल्यासाठी तिनं गिळायचा?

मी वर गेले. माझ्याजवळ परीक्षेच्या फीनंतर जे उरलं होतं, ते पैशाच्या पाकिटातनं काढून ऋतुजाच्या कॉटवर ठेवलं.

"हे पातेल्याचे. पातेलं आता माझं. माफी न्हाई."

"आन् रूम?" मावशी म्हणल्या.

मी मोबाईल काढला, समोर धरला. "काढा मला, मावशी. पण कावून काढता ते मघाशी बोलला तसं पुन्हा एकदा बोला. मी रेकॉर्ड करती. ठाणं काही लांब न्हाई."

मघाशी एवढा आवाज चढलेली बाई, तिला एकदम खोकला आला. "कुणी काढायलंय तुला? तुमी पोरी आपसात भांडता आन् मला वर बोलावता," असं म्हणत जिना उतरून गेल्या. ऋतुजाचे पाय हलायचे थांबले.

पायल तेवढी माझ्याजवळ आली. "सॉरी गं," म्हणली, हळू, ऋतुजाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हणलं, तिला ऐकू जाईल असं म्हणता आलं की म्हण. तवर नको मला.

मोरीतनं पातेलं उचललं. घासलं. लख्ख घासलं. आन् फळीवर वाट्यांच्या शेजारी ठेवलं. मायच्या तिखटाची बरणी कॉटखालनं काढून त्याच्या बाजूला. जागा झाली. व्हायलाच पाहिजे, भाडं मीबी भरती.

आता ह्या तिघी माझ्याशी बोलत न्हाईत. न बोलल्या. परीक्षा ह्याच रूममधनं देणार. उद्या दवाखान्यात ह्यांच्यातल्याच कुणाच्या बापाला मी सलाईन लावीन, तवा तो माझं आडनाव विचारंल, मग गाव विचारंल. तो पुढचं विचारायच्या आधी मीच सांगीन, आन् मगच सुई घालीन.

काल मायला फोन केला. म्हणलं, येत्या रविवारी ये. ती नको नको म्हणली, परीक्षा झाल्यावर येते म्हणली. म्हणलं, परीक्षा झाल्यावर न्हाई, येत्या रविवारी. चाचाकडं पाकीट सांगून ठेवलंय. दोघी त्या पिवळ्या पातेल्यात खाऊ, रूमच्या मधोमध बसून, दार सताड उघडं ठेवून. आन् निघताना दारात उभी राहून तू सगळ्यायला जयभीम म्हणायचं. तुझ्या तोंडातनं निघालं न्हाई तर मी म्हणीन. खालच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणीन.